शोकीशोकीचा चौथा हिस्सा

७ जानेवारी २००७, रविवार. दार-एस-सलाम

समुद्रावरच्या कविता मी एकोणचाळीस वर्षं शिकवल्या. लाटांना घोडे म्हटलं, क्षितिजाला उंबरठा म्हटलं, पोरांकडून पाठ करून घेतलं, चुकली तर कान धरले. प्रत्यक्ष समुद्रावर पाय पडला तो आज, बहात्तराव्या वर्षी. कोंडोआच्या शाळेतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मला आणि साउदाला 'उपेपो' जहाजावरची दहा दिवसांची सफर भेट दिली. आधी माफिया बेट, मग उंगुजा, म्हणजे झांझिबारचं मोठं बेट, मग पेम्बा, तांगा आणि परत. एवढी जहाजं सोडून पोरांना नेमकं पेम्बाला थांबणारं जहाज कसं सापडलं, ह्या योगायोगाचं मला राहून राहून नवल वाटतं. साउदाला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "हो ना, नवलच," आणि बॅगेची चेन लावत बसली.

साउदा माझी एकुलती एक लेक. दोडोमाच्या इस्पितळात नर्स आहे. बोलते कमी, आवरते फार.

पेम्बाचं नाव निघालं की मी विषय बदलतो, कारण माझ्या पेटीत एक पत्र आहे. नोव्हेंबरात आलं. पाकिटावर नाव माझं नाही, माझ्या बायकोचं. आत एवढंच:

'झुवेना, तुझं शोकीशोकीचं झाड आहे त्या जागेवर माझ्या नातवाला घर बांधायचं आहे. जमीन माझी, झाड तुझं. तुला विचारल्याशिवाय मी कुऱ्हाड लावणार नाही. ह्या हंगामात ये आणि काय ते सांग. तुझा भाऊ, कोम्बो.'

झुवेना जाऊन येत्या एप्रिलात दोन वर्षं होतील.

कोम्बोला ते ठाऊक नाही. आम्ही कळवलं नाही. का नाही, तेही लिहून ठेवतो, म्हणजे उगीच माझ्यावर ठपका नको. झुवेना पेम्बाची. तिच्या मावशीच्या नवऱ्याचं कोंडोआत दुकान होतं. बासष्ट साली मावशी आजारी पडली म्हणून ही एकोणीस वर्षांची मुलगी तिच्या मदतीला आमच्या कोरड्या मुलखात आली, आणि मी तिच्यासाठी दुकानातून रोज एकेक पेन्सिल विकत घेऊ लागलो. लग्न झालं. तिला माहेरी चुलतभावाला देऊ केलेलं होतं. कोम्बो तिला परत न्यायला आला. ती गेली नाही. तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "आता मेलीस तरी मला कळवायला कुणी येऊ नये." मी शब्दाला मान देणारा माणूस आहे. नाही कळवलं.

पत्राला उत्तर साउदानं लिहिलं: 'आम्ही तेरा जानेवारीला उपेपो जहाजाने येतो.' बाकीचं मी तोंडाने सांगेन, असं मीच तिला म्हटलं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

आणखी एक. पत्र वाचून मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर हे: झाड खरंच आहे! "तिकडे माझं झाड आहे," असं ती बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं म्हणायची. मला ती कल्पना वाटायची. सुंदर कल्पना.


९ जानेवारी. माफियाच्या खाडीत

काल लिहिलं नाही. काल पोटात समुद्र होता.

आज फजरची, पहाटेची, नमाज झाल्यावर वर आलो, तर जहाजाची मुख्य स्वयंपाकीण म्वानाइदी बंदरावरून आलेल्या टोपल्या उघडत होती. पन्नाशीची, उंगुजाची, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. टोपलीत हिरवी, खवल्याखवल्यांची, माणसाच्या डोक्याएवढी फळं.

"बघताय काय मास्तर? चेंडू नाहीत. शेलिशेली."

मी हरखलो. शेलिशेली! माझ्या कवितेतलं फळ! मी वाकून एक उचललं, उलटंपालटं केलं.

"ह्यात पाव कुठे असतो?" मी विचारलं.

"पाव बेकरीत असतो," म्वानाइदी म्हणाली.

मग मला सांगावं लागलं. झुवेना संध्याकाळी चुलीपाशी तिच्या बेटावरच्या फळांचं वर्णन करायची. मी ते आठ-आठ अक्षरांत बसवायचो. त्याची माझी कविता झाली, 'बेटावरची फळबाग'. जिल्ह्यात बक्षीस मिळालं, पुढे दर वर्षी सातवीला मी ती शिकवली. त्यात ओळ आहे: 'पाव लागे फांदोफांदी'.

म्वानाइदीनं हातातली सुरी खाली ठेवली. "म्हणजे वरच्या मुलखातली पोरं एवढी वर्षं समजतात, आमच्याकडे झाडाला पाव लटकतात?"

"परीक्षेत यायचं ते," मी म्हटलं.

"आणि गुण द्यायचात?"

"दहापैकी दहा."

ती इतकी हसली की भटारखान्यातून दोघं बाहेर आली. मग तिनं एक शेलिशेली निखाऱ्यावर काळंठिक्कर भाजलं, फोडलं, वर मीठ आणि नारळाचं दूध. आतला गर पांढरा, मऊ, किंचित चिवट. खाल्ला आणि आठवलं. झुवेना म्हणाली होती, 'भाजलं की पावासारखं लागतं.' लागतं, म्हणाली होती. लटकतं, असं म्हणाली नव्हती. मी तेव्हा म्हटलं असेन, अक्षरं बसत नाहीत. असं मी पुष्कळदा म्हणायचो. ती हसून तव्याकडे वळायची.

साउदा शेजारी बसून खात होती. "आई ज्वारीचं पीठ मळताना नेहमी ह्याचंच नाव घ्यायची," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तिला वर्णनाची आवड होती."

साउदानं रिकामी ताटली उचलली आणि भटारखान्यात नेऊन दिली.


१० जानेवारी

दिवसभर पाणी. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त एक आठवण.

डेकवर बायका कांगे वाळत घालत होत्या. आमच्याकडे कांग्याच्या काठावर एक ओळ छापलेली असते. बायकांना तोंडाने बोलायचं नसलं, की त्या ते बोलणारा कांगा पांघरतात. शेजारीण, सवत, सासू, ज्याला लागायचं त्याला लागतं. झुवेनाकडे एक निळा कांगा होता. तो ती वर्षभर पेटीत ठेवायची आणि जानेवारीत बाहेर काढायची. आठवडाभर तोच. त्यावर होतं: 'मला घरी कोण नेतो'.

मी तो कांगा एकदा वर्गात नेला होता. मोजा म्हटलं पोरांना. म-ला-घ-री-को-ण-ने-तो. आठ! एका कापडाच्या काठावर निर्दोष चरण! पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी झुवेनाला सांगितलं, तुझा कांगा आज शाळेत गाजला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि ठेवून दिला.

हे सगळं मी आज साउदाला हौसेनं सांगितलं. जानेवारीतच का, ते काही मला माहीत नाही, असंही म्हटलं.

"बाबा, तिकडे शोकीशोकी कधी पिकतं?" तिनं विचारलं.

"कोण जाणे. का?"

ती उठून केबिनमध्ये गेली. ऊन लागलं असावं.


११ जानेवारी. उंगुजा

म्वानाइदी बाजाराला निघाली तेव्हा आम्ही दोघं तिच्या मागे. तिला माझी कविता आता तोंडपाठ झाली आहे आणि ती मला एकेका ओळीचा हिशेब मागते.

"'तरुवर बुंगो डोले' म्हणता ना? चला, दाखवा झाड."

बुंगो नारिंगी, पोपडे आलेलं, टणक फळ. फोडलं की आत केशरी दोऱ्यांत गुंडाळलेल्या बिया. त्यांचं सरबत असं आंबट-गोड की डोळे आपोआप मिटतात. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं, ह्याचं झाड नसतं, रानवेल असते, दुसऱ्याच्या अंगावर चढते.

"वेल," म्वानाइदी माझ्याकडे वळून म्हणाली. "खोडा हे."

"वेल म्हटलं की दोन अक्षरं. मला चार हवी होती."

"अगं साउदा, तुझ्या बापानं आमची अख्खी बाग अक्षरांसाठी उपटली गं!"

मला राग आला नाही. झुवेनाही हेच म्हणायची, फक्त हळू. 'साउदाचे बाबा, ते तसं नाही हो.' एवढंच.

पुढच्या गल्लीत पाय थांबले. चटईवर ढीग, तांबडालाल, केसाळ, जणू कुणी समुद्रातून जिवंत काढून ठेवलेत. मला सांगावं लागलं नाही. शोकीशोकी. माझ्या कवितेत आहे: 'पिवळ्या शोकीशोकीला, सोनसळी केस आले'. ती म्हणाली होती लाल. मीच म्हटलं होतं, लाल केसांत काय काव्य आहे? आता बघतो तर हा लाल. असा लाल मी कोंडोआत कधी पाहिलेला नाही. आमच्याकडे लाल म्हणजे माती. सत्तर शिलिंगांची शाई घालवली असती तरी हा रंग माझ्याच्यानं लिहून झाला नसता, आणि मी तो पिवळा केला.

मी एक उचलून सोलायला गेलो, तर साउदानं हात धरला.

"हे नको. पहिलं आईच्या झाडाचं खा."

"आणि त्यानं नाही दिलं तर?"

"झाड त्याचं नाही," साउदा म्हणाली.

म्वानाइदीला झाडाचं कळलं तेव्हा ती प्रथमच गंभीर झाली. "पेम्बात तसंच असतं मास्तर. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं. मुलीचं कुराण पुरं वाचून झालं की बाप तिच्या नावानं एक झाड लावतो. ते तिचं. ती कुठेही नांदो, ते तिचंच." थोडं थांबून म्हणाली, "कधी आली नव्हती का ती माघारी?"

मी कारणं सांगितली. लग्नानंतर दीड-एक वर्षात उंगुजात क्रांती झाली. मग बरीच वर्षं तिकडे जायला कागदपत्रं लागायची. मग शाळा. मग भाडं. मग गुडघे. सगळी कारणं खरी आहेत. मी ती बाजारात उभा राहून सांगत होतो आणि ती मलाच फार लांबलचक वाटत होती.

म्वानाइदीनं नुसतं "बरं" म्हटलं.


१२ जानेवारी

उद्या पेम्बाचं म्कोआनी बंदर. सकाळपासून कागद घेऊन बसलो. कोम्बोला कसं सांगायचं? पहिला मसुदा समुद्राच्या उपमेनं सुरू होतो. दुसऱ्यात दिवा आहे. तिसऱ्यात दोन ओळी पद्य आली, ती खोडली. नवव्यात मी स्वतःच रडलो आणि कागद भिजला. एकही मसुदा 'ती गेली' ह्या शब्दांपर्यंत पोचत नाही. सगळे अलीकडेच कुठेतरी सुंदर होऊन थांबतात.

साउदानं सगळे वाचले. मग म्हणाली, "बाबा, इस्पितळात आम्ही नातेवाइकांना एका वाक्यात सांगतो. आधी नाव, मग घटना. उपमा दिली की ते लोक आशेला लागतात."

"तू सांगशील का?"

"नाही."

इतकं सरळ 'नाही' ती मला आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. मग शाल माझ्या गुडघ्यांवर नीट केली आणि म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं तिकडे कुणी गेलं नाही. तुम्हीच जा."


१४ जानेवारी. पेम्बा, कोम्बो फाकी ह्यांचं घर

फजरनंतर ओसरीवर बसून लिहितो आहे. घरातले उठायचे आहेत. कालचं सगळं क्रमानं लिहितो, सजवणार नाही.

जहाज दहाला लागलं. धक्क्यावर माणसं थोडी. त्यांत मी त्याला ओळखलं. उंच, वाळलेला, पांढरा झगा, भरतकामाची टोपी, हातात छत्री. मागे त्याची बायको आणि सुना-नातवंडं, आठ-दहा जण, सगळी ईदचे कपडे घालून. मी शिडी उतरलो आणि बायकोच्या थोरल्या भावाला करायचा तो नमस्कार केला: "शिकामू."

त्यावर वडीलधाऱ्यानं 'मराहाबा' म्हणायचं असतं. तो म्हणाला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून शिडीकडे बघत होता. साउदा उतरली. तिच्या तोंडाकडे बघून तो एकदम अर्धं पाऊल पुढे झाला, मग थांबला. पुन्हा शिडीकडे. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उतरली. दोन म्हातारे उतरले. खलाशी दोर गुंडाळू लागले.

"बोचकी बांधत बसली असेल," कोम्बो बायकोला म्हणाला. "लहानपणापासून तेच. निघायच्या वेळी बोचकं."

खिशात नऊ मसुदे होते. मी म्हटलं, "झुवेना गेली. एप्रिलात दोन वर्षं होतील."

एवढंच. सव्वा ओळ.

त्याला आधी ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग त्याच्या बायकोनं, रहमा तिचं नाव, पाठीमागून त्याची छत्री काढून घेतली. त्यानं आपण सगळे अल्लाचे आणि त्याच्याकडेच परतायचं, हे पुटपुटलं. ते संपल्यावर साउदाला विचारलं, मला नाही:

"न्हाऊ कुणी घातलं?"

"मी."

"कफन?"

"पांढरं. नवं. आतून तिचा निळा कांगा ठेवला होता."

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत साउदा बोलली नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "मला कळवलं नाहीत."

"तुम्हीच म्हणाला होता..."

"मास्तर," तो म्हणाला, "मी तेव्हा तिशीचा नव्हतो आणि संतापलेला होतो. तुम्ही दोन वर्षांपूर्वी किती वर्षांचे होता?"

 मी वाकून बॅग उचलली.

टेम्पोनं गावाकडे निघालो. रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत होत्या, त्यांच्या वासानं डोकं जड झालं. घर साधं, पत्र्याचं, अंगण झाडून लख्ख. आणि अंगणाच्या टोकाला ते झाड. मी त्याला शंभर वेळा कवितेत उभं केलेलं आहे, टेकडीवर, एकटं, चंद्राखाली. ते गोठ्याला लागून उभं होतं. बुंध्याला शेळी बांधली होती. वरपासून खालपर्यंत लालेलाल.

झाडाखाली चटई, आणि चटईवर नुकतीच तोडलेली शोकीशोकी, पानांसकट.

"काल संध्याकाळी तोडली," रहमा हळू आवाजात साउदाला म्हणाली. "ह्या झाडाची फळं ह्यांनी पहिल्यांदाच तोडली गं. मालकीण येणार म्हणून."

"पहिल्यांदाच?"

"तोडायचं नाही, घरातल्यांनी चाखायचं नाही. मालकिणीची परवानगी नाही. पडेल ते पाखरांचं, वाटसरूंचं आणि मदरशातल्या पोरांचं. मी ह्या घरात सून होऊन आले त्याच वर्षी झाड पहिल्यांदा धरलं. तेव्हापासून दर हंगामाला मी फक्त झाडते. गावातल्या शेंबड्या पोरांना ह्याची चव ठाऊक, मला नाही."

"आणि नातवाचं घर?" साउदानं विचारलं. "झाड पाडायचं लिहिलं होतं ना?"

रहमानं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराआड म्हणाली, पण अशी की सगळ्या अंगणाला ऐकू जावं, "कसलं घर! नातू मोम्बासाला असतो, त्याची बायको इकडे पाऊल टाकत नाही. एवढ्या वर्षांचा अबोला मोडायला म्हाताऱ्याला निमित्त नको?"

"रहमा," कोम्बो म्हणाला.

"खोटं आहे का?"

तो चटईशी जाऊन बसला, मांडी घालून, सावकाश.  मग मान वर न करता म्हणाला, "आईबाप आधीच गेलेले. मूल एक, मुलगी. तिचा अर्धा. नवऱ्याचा पाव. उरला पाव तो भावाचा. बरोबर ना, मास्तर? तुम्ही शिकलेले आहात."

बरोबर होतं. शरियतप्रमाणे वारशाचे हिस्से तसेच होते.

आणि तो वाटण्या करू लागला. एक फळ माझ्यापुढे, दोन साउदापुढे, एक स्वतःपुढे. एक, दोन, एक. लहान-मोठं बघून, किडकं बाजूला काढून, पुन्हा निवडून. इतक्या निगुतीनं मी कुणाला काही वाटताना पाहिलेलं नाही. अंगणातली सगळी माणसं उभी होती. अर्ध्यावर आल्यावर त्याचा हात थांबला. स्वतःपुढचा ढीग बघत होता. त्याच क्षणी माझ्याही ध्यानात आलं: हे फळ खायचा हक्क त्याला आज मिळाला, तो कशामुळे मिळाला. त्यानं डोळे पुसले नाहीत. वाहू दिले, आणि वाटत राहिला. एक, दोन, एक.

संपल्यावर कुणीच हात लावेना. मग रहमा माझ्यासमोर येऊन बसली. पासष्टीला टेकलेली बाई, हात पदराखाली, लहान मुलीसारखी.

"मास्तर, तुमच्यातलं एक घेऊ?"

 मी ढीगच तिच्याकडे सरकवला. तिनं एक उचललं, नखानं साल फोडली, आतला पांढरा गर तोंडात टाकला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं चघळलं. डोळे बारीक केले. बी हातावर काढली.

"अगं बाई," ती म्हणाली, "आंबट आहे."

"काय?" कोम्बो ओरडला.

"आंबट! दात शिवशिवले! ह्याच्यासाठी मी जन्मभर झाडू मारला होय?"

सुनांमधली एक फिस्सकन हसली आणि तोंडावर हात घेतला. कोम्बोनं आपल्या हिश्श्यातलं एक सोललं, खाल्लं. दुसरं खाल्लं. "आंबटच," तो हळूच म्हणाला. "बी लावून केलेलं झाड. असं होतं कधीकधी."

मी म्हटलं, "असं कसं? ती तर सांगायची, माझ्या झाडाइतकं गोड शोकीशोकी पेम्बात नाही. कितीदा सांगायची. तिनं खाल्लेलं होतं ना?"

कोम्बोनं माझ्याकडे पाहिलं. धक्क्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं.

"कुठून खाईल? झाड लावलं तेव्हा ती तेरा वर्षांची. धरायला सात वर्षं लागली. पहिली फळं आली, त्याच्या आधीच ती मावशीकडे गेली होती. महिन्याभरासाठी म्हणून. मला म्हणाली होती, दादा, मी आल्याशिवाय कुणाला तोडू देऊ नकोस."

 शेळी पानं ओढत होती.

म्हणजे जानेवारी आला की ती ज्या चवीविषयी बोलायची, ती तिनं कधी घेतलीच नव्हती. आणि मी तिच्यासमोर बसून, पेन्सिल घेऊन, अक्षरं मोजत होतो.

मी कोम्बोला म्हटलं, "ती विचारायची मला. दर वर्षी जानेवारीत विचारायची, घरी कोण नेतो. मला वाटायचं, ती..."

"बोलू नका मास्तर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं माझा ढीग पुन्हा माझ्यापुढे सारला, त्यातलं एक फळ स्वतः सोललं आणि माझ्या हातावर ठेवलं. "तुम्ही आज फार लांबून आलात. खा."

मी खाल्लं. बी चोखून होईपर्यंत तोंडातच ठेवलं. आंबट होतं. मग दुसरं सोललं.